मेलेल्या गाडीचे कातडे कोणाचे?

शेगाव, वरवट बकाल, संग्रामपूर, सोनाळा या रस्त्यावर वर्षानुवर्षे माणसे कोंबून वाहणारी काळी-पिवळी जीप एक दिवस कडेला उभी राहते, ती कायमचीच. इंजिन बसलेले असते, फिटनेस संपलेले असते, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झालेला असतो. पावसाळा येऊन जातो, टायर काळ्या मातीत रुततात, सीटवर कोंबड्या बसू लागतात. मग एखादा कबाडी येतो. गाडीभोवती एक चक्कर मारतो, बोनेट उचलून बघतो आणि एकरकमी भाव सांगतो. मालकाला वाटते, पडून सडण्यापेक्षा चार पैसे आले ते बरे. आठ दिवसांत ती गाडी नाहीशी होते. इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स दुसरीकडे, पत्रा तिसरीकडे.

वरवर बघता ही अगदी किरकोळ गोष्ट वाटते. वर्तमानपत्राच्या पानावर तिला जागा कशाला, असेही कोणी विचारील. परंतु ज्या देशात मेलेले जनावर कोणी ओढायचे, त्याचे कातडे कोणी सोलायचे आणि त्या कातड्याचा पैसा कोणाच्या घरात जायचा, हे शतकानुशतके जन्मावर ठरत आले, त्या देशात मेलेली गाडी कोण फोडतो आणि तिचा पैसा कोणाकडे जातो, हा प्रश्न किरकोळ नाही. तो मालकीचा प्रश्न आहे. आणि मालकीचा प्रश्न आला की आंबेडकरी चळवळीला गप्प बसता येत नाही.

एका गाडीत किती गाड्या असतात

प्रथम हा धंदा कसा चालतो ते समजून घेऊ. कोणत्याही मोटारीत वजनाने सुमारे दोन तृतीयांश भाग लोखंड आणि पोलाद असते. बाकी ॲल्युमिनियम, तांबे, काच, रबर, प्लॅस्टिक. १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आलेली आणि २०१४ च्या जानेवारीत बनणे थांबलेली मारुती ८०० घ्या. तिचे वजन साधारण साडेसहाशे किलो. समजा, भंगाराचा भाव किलोला २५ रुपये धरला, तर सगळी गाडी काट्यावर टाकून सोळा हजारांच्या आसपास पैसे येतात. पण हीच गाडी सुटी केली तर हिशेब बदलतो. चालू इंजिन, गिअरबॉक्स, स्टार्टर, अल्टरनेटर, रेडिएटर, दरवाजे, काचा, हेडलाइट, डिस्क, बॅटरी या प्रत्येक वस्तूला स्वतंत्र गिऱ्हाईक असते आणि स्वतंत्र भाव असतो. किलोने विकणारा मजुरी कमावतो, नगाने विकणारा धंदा कमावतो. हा फरक ज्याला कळला त्याला या बाजाराचे मर्म कळले.

संग्रामपूरसारख्या तालुक्यात या जुन्या मालाची गरज कोणाला असते? ज्याच्याजवळ नवीन पार्ट घेण्याची ऐपत नाही त्याला. कापूस आणि सोयाबीन विकून वर्ष काढणारा शेतकरी, हप्त्यावर जीप घेतलेला सुशिक्षित बेकार, दूधवाला, भाजीचा टेम्पो चालविणारा. कंपनीचा नवीन डिझेल पंप घ्यायचा तर त्याचा हंगाम जातो. जुना पंप मिळाला तर गाडी संध्याकाळी रस्त्यावर येते. जीपच्या जुन्या कमानपाट्यांपासून लोहार कोयते, कुऱ्हाडी आणि वखराची पास बनवितो, कारण त्या पोलादाची धार टिकते. जुने एक्सल, हब आणि टायर बसवून रबरी चाकांची बैलगाडी तयार होते. म्हणजे शहरातल्या श्रीमंताने टाकून दिलेली गाडी सातपुड्याच्या पायथ्याशी आणखी पंधरा-वीस वर्षे जगते. ज्याला आज मोठमोठ्या परिषदांमध्ये पुनर्वापर आणि चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात, ते काम आमचा अर्धशिक्षित मेकॅनिक पाना आणि हातोडा घेऊन कितीतरी आधीपासून करीत आला आहे. त्याला त्याबद्दल कोणी पुरस्कार दिला नाही. त्याला 'भंगारवाला' म्हटले.

धंदा करणारा आधी संशयित

हा धंदा करतो कोण? गावोगावी डोळे उघडे ठेवून बघावे. गाडी कापणारा, तेलात हात घालणारा, पत्रा डोक्यावर वाहणारा हा बहुतांशी मुस्लिम, बौद्ध, मातंग किंवा भटक्या-विमुक्त समाजातला असतो. मोठ्या शहरात मालाचा साठा करणारा, भाव ठरविणारा, भट्टीला माल पुरविणारा मात्र वेगळा असतो. तळाशी अंगमेहनत आणि वर नफा, हा जातिव्यवस्थेचा जुना मनोरा इथेही जसाच्या तसा उभा आहे. १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या विषयावर लिहिताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जात ही नुसती कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे. भंगाराच्या बाजारात उभे राहून हे वाक्य पडताळून बघता येते.

त्यात भर म्हणून या माणसाच्या कपाळावर चोरीचा संशय गोंदविलेला असतो. तालुक्यात मोटारसायकल चोरीला गेली की पोलिसांची गाडी आधी कोठे जाते? चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हाच आहे. भारतीय दंड संहितेत तो ४११ कलमाखाली होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३१७ कलमाखाली आहे. चोरांना पाठीशी घाला असे कोणी म्हणत नाही. परंतु कायद्याने गुन्हा 'जाणूनबुजून' घेण्याचा सांगितला आहे. व्यवहारात मात्र जुना माल बाळगणे हाच गुन्हा समजला जातो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्या कायद्याची सवय मात्र रद्द झाली नाही.

मीरतच्या सोतीगंजचे उदाहरण घ्या. जुन्या गाड्यांच्या पार्टसाठी उत्तर भारतात प्रसिद्ध असलेला हा बाजार डिसेंबर २०२१ मध्ये पोलीस कारवाईने बंद पडला. चोरीच्या गाड्या तेथे कापल्या जात होत्या, हा आरोप होता आणि त्यासाठी टोळ्यांवर कारवाई होणे योग्यच होते. पण एक बाजार संपूर्ण बंद होतो तेव्हा चोराबरोबर पावती फाडून माल घेणारा दुकानदारही बुडतो आणि त्याच्याकडे रोजंदारी करणारे पोर घरी बसते. बँकेत घोटाळा झाला म्हणून देशातल्या बँका कोणी बंद करीत नाही. गरिबाच्या बाजाराला मात्र हा न्याय लागू होत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

नवा कायदा, नवे मालक

आता या बाजारात कायदा आला आहे. १३ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रांचे नियम निघाले. गाडी अशा केंद्रात जमा केली की मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळते. ते दाखविले की नवीन गाडीच्या नोंदणी शुल्कात माफी आणि रस्ता करात सवलत, खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यापारी गाडीला १५ टक्क्यांपर्यंत. हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येते. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवणे बंद झाले आणि त्या गाड्या अशाच केंद्रांकडे जाऊ लागल्या. त्यानंतर आयुर्मान संपलेल्या वाहनांचे पर्यावरण नियम जानेवारी २०२५ मध्ये निघाले आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. आता गाडी बनविणाऱ्या कंपनीवरच जबाबदारी आली की तिने ठरावीक प्रमाणात जुन्या गाड्यांचे पोलाद परत मिळविले आहे, असे दाखवावे.

या कायद्याचा हेतू वाईट नाही. उघड्यावर तेल सांडणे, ॲसिड ओतणे, चोरीच्या गाडीचा नंबर खोडणे हे थांबले पाहिजे. प्रश्न हेतूचा नाही, दरवाजाचा आहे. या कायद्याच्या दरवाजातून आत कोण जाऊ शकतो? केंद्राच्या नोंदणीसाठी अर्जाचेच एक लाख रुपये आणि वर दहा लाखांची बँक हमी. त्याशिवाय मोठी जागा, यंत्रे, वजनकाटा, प्रदूषण मंडळाच्या परवानग्या, संगणकावरचे सगळे व्यवहार. वरवट बकालच्या फाट्यावर टिनाच्या शेडमध्ये बसणाऱ्या मेकॅनिकने हे कोठून आणायचे? म्हणून या क्षेत्रात कोण उतरले ते बघा. महिंद्राने सरकारी एमएसटीसीबरोबर भागीदारी करून २०१८ मध्येच ग्रेटर नोएडात केंद्र काढले. मारुती सुझुकी आणि टोयोत्सु यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये नोएडात काढले. टाटांनी २०२३ मध्ये जयपूरपासून सुरुवात केली. त्यांनी धंदा करू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु जो धंदा घाणेरडा होता तोपर्यंत आमचा होता, तो फायद्याचा आणि प्रतिष्ठेचा होताच त्यांचा झाला, हे सत्य झाकून ठेवण्याचे कारण नाही.

चामड्याचे असेच झाले नाही काय? कातडे सोलून, चुन्यात आणि सालीत भिजवून कमावण्याचे काम गावकुसाबाहेरच्या माणसाने केले. त्या दुर्गंधीमुळे त्याला अस्पृश्य ठरविले. पुढे चामड्याचे कारखाने झाले, परदेशी निर्यात सुरू झाली, तेव्हा मालकाच्या खुर्चीवर तो माणूस दिसला नाही. तो कारखान्यात मजूर म्हणून दिसला. मोटारीच्या बाबतीत तोच इतिहास आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा लिहिला जात आहे.

बाबासाहेबांनी सोडा म्हटले, तुम्ही धरा म्हणता?

येथे आमचेच काही बांधव एक आक्षेप घेतील आणि तो मोलाचा आहे. ते म्हणतील, बाबासाहेबांनी १९२७ च्या महाड परिषदेत मृतमांस सोडा, घाणीची कामे सोडा असे सांगितले. आम्ही ते सोडले, उपाशी राहून सोडले. आता शिकलेल्या बौद्ध तरुणाला पुन्हा भंगारात हात घालायला सांगणे म्हणजे त्याला मागे नेणे नव्हे काय?

या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर १५ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे भाषण आठवावे लागेल. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या त्या भाषणात बाबासाहेबांनी एक जुना वाद सांगितला आहे. मेलेली ढोरे ओढणे सोडल्यामुळे महारांचे कातडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडते, असा हिशेब 'केसरी'तून मांडला जात होता. आमच्या नुकसानीची एवढी काळजी त्यांना अचानक वाटू लागली होती. बाबासाहेबांनी दिलेले उत्तर सरळ होते. एवढा फायदा असेल तर तो फायदा तुम्हीच का घेत नाही? त्यांना ठाऊक होते की प्रश्न पैशाचा नाही, माणूस म्हणून उभे राहण्याचा आहे. ज्या कामाने माणुसकी जाते त्या कामाचा नफा कितीही असो, तो नको.

मग गाडीच्या भंगाराला तीच कसोटी लावू. पहिली गोष्ट, ढोर ओढणे हे काम महाराला जन्माने लावलेले होते. नाही म्हटले तर गाव बहिष्कार टाकत असे. जुन्या गाडीचे पार्ट विकणे हे काम कोणी कोणावर जन्माने लादलेले नाही, आणि जेथे तसे होत असेल तेथे ते सोडलेच पाहिजे. दुसरी गोष्ट, ढोराची किंमत गाव ठरवीत असे, ओढणाऱ्याच्या हाती काय द्यायचे ते पाटील ठरवीत असे. येथे किंमत ठरविण्याची ताकद आपल्या हाती येऊ शकते, जर माल, हिशेब आणि कागद आपल्या हाती असतील तर. तिसरी गोष्ट, त्या कामातून बाहेर पडण्याचा रस्ता नव्हता. पोराला तेच करावे लागे. आज पार्ट विकणाऱ्याचा पोरगा इंजिनिअर झाला पाहिजे, आणि होऊ शकतो.

तेव्हा कसोटी कामाच्या घाणीची नाही. डॉक्टरही रक्तात हात घालतो. कसोटी ही की काम निवडलेले आहे की लादलेले, भाव आपला आहे की दुसऱ्याचा, आणि ते उद्या सोडता येते की नाही. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या बाजूची असतील तर तो स्वाभिमानाचा धंदा आहे. एकाचेही उत्तर विरुद्ध असेल तर ती नवी ढोरकी आहे, मग तिला कितीही इंग्रजी नाव द्या. आज संग्रामपूरच्या मेकॅनिककडे निवड आहे, भाव मात्र नाही. दुसऱ्याच्या भावाने कापणे त्याने सोडावे आणि स्वतःच्या भावाने विकावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

घाण कोणाच्या विहिरीत जाते

या धंद्याचा एक भाग असा आहे की त्यावर पांघरूण घालणे म्हणजे आपल्याच माणसांशी बेइमानी होईल. गाडी कापताना जळके ऑइल निघते, बॅटरीतून शिसे आणि गंधकाम्ल निघते, जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, एसीचा गॅस हवेत जातो. पेट्रोलची टाकी रिकामी न करता गॅस कटर लावला तर भडका उडतो. नवीन गाड्यांमधली एअर बॅग ही एक प्रकारची स्फोटक वस्तू आहे, अजाण माणसाच्या तोंडावर ती फुटू शकते. हे सगळे हातमोजे न घालता, उघड्या पायांनी, बारा-चौदा वर्षांच्या पोराकडून करून घेतले जाते. हे बालमजुरीचे पाप आहे आणि ते आपल्या माणसाच्या शेडमध्ये झाले म्हणून पुण्य ठरत नाही.

संग्रामपूर तालुक्याला तर याचा दुप्पट धोका आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात जमिनीतले पाणी आधीच क्षारांनी मारलेले आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावच्या अनेक गावांत मूत्रपिंडाच्या आजाराने घरेच्या घरे पोखरली आहेत. ज्या मातीतून गोडे पाणी मिळणे हीच मोठी लढाई, त्या मातीत बॅटरीचे ॲसिड आणि जळके ऑइल ओतणे हा स्वतःच्या पोटावर पाय देण्याचा प्रकार आहे. आणि चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी ज्यांनी डोकी फोडून घेतली त्यांच्या वारसांना पाण्याचे मोल कोणी शिकवायला नको.

धोका कोणाच्या वाट्याला येतो याचे उदाहरण दिल्लीच्या मायापुरीने देशाला दाखविले आहे. २०१० साली दिल्ली विद्यापीठातून लिलावात विकलेल्या एका जुन्या प्रयोगशाळा यंत्रात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. ते यंत्र मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले. फोडणाऱ्यांना आत काय आहे हे ठाऊक नव्हते. अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली, एका कामगाराचा जीव गेला. यंत्र विकणारे पदवीधर होते, मेला तो भंगार कामगार. वस्तू टाकणाऱ्याने ती काय आहे हे सांगण्याची जबाबदारी घेतली नाही की किंमत फोडणाऱ्याला मोजावी लागते.

करायचे काय?

नुसती तक्रार करून थांबणे ही आंबेडकरी रीत नाही. काही मागण्या स्पष्ट मांडल्या पाहिजेत.

पहिली मागणी सरकारकडे. २०२५ च्या नियमांत जुन्या गाड्या जमा करणाऱ्या संकलन केंद्रांना स्थान आहे. मोठे मोडणी केंद्र तालुक्यात काढणे शक्य नसले तरी संकलन केंद्र तालुक्यात काढता येईल. ही केंद्रे चालविण्याचा पहिला हक्क आज प्रत्यक्ष हे काम करणाऱ्या मेकॅनिक आणि कबाड्यांच्या सहकारी संस्थांना मिळाला पाहिजे. गाडीचे वजन, सुट्या पार्टची यादी आणि मिळालेला भाव यांची लेखी पावती सक्तीची असावी. तसेच हमीची रक्कम सहकारी संस्थांसाठी कमी करावी किंवा ती शासनाने भरावी.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या, बहुसंख्य दलित समाजातल्या बायांनी ओळखपत्र मिळविले आणि पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था काढून २००८ पासून महापालिकेबरोबर करार करून काम केले. ज्यांना उकिरड्यावरच्या बाया म्हणून हाकलले जात होते त्या महापालिकेच्या टेबलासमोर बसल्या. महाराष्ट्रातच हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला, तो हमाल संघटित झाले म्हणून झाला. गाड्या फोडणाऱ्या कामगारांची अशी संघटना विदर्भात का होऊ नये?

दुसरी मागणी भांडवलाची. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांना दहा लाख ते एक कोटी कर्ज देण्यासाठी २०१६ मध्ये स्टँडअप इंडिया योजना आली. सार्वजनिक खरेदीत अनुसूचित जाती-जमातीच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के वाटा २०१२ च्या धोरणाने ठरविला आहे. कागदावर सगळे आहे. पण बँकेच्या मॅनेजरसमोर 'भंगाराचा धंदा' म्हटले की फाइल बाजूला पडते. महामंडळाने या व्यवसायाचा नमुना प्रकल्प अहवाल मराठीत तयार करून प्रत्येक जिल्हा कार्यालयात ठेवावा. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांतून आणि सरकारी खात्यांतून निघणाऱ्या मोडीच्या मालात छोट्या संस्थांसाठी छोटे लॉट राखून ठेवावेत. मोठमोठे लॉट काढायचे आणि लिलाव सर्वांना खुला आहे म्हणायचे, ही समता नव्हे.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिक शिकविताना गाडी जोडायला शिकवितात, शास्त्रशुद्ध सुटी करायला आणि सुट्या पार्टची तपासणी करायला स्वतंत्र विषय म्हणून शिकवावे. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम आणि पॅलेडियमसारखे महाग धातू असतात. हे ज्याला ठाऊक नाही तो त्याला लोखंडाच्या भावात देऊन टाकतो, आणि ज्याला ठाऊक आहे तो त्यावर बंगला बांधतो. अज्ञानाची किंमत काट्यावर मोजता येते ती अशी.

वाचकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी

गाडी विकणाऱ्या आणि पार्ट घेणाऱ्या आपल्या बांधवांनीही सावध झाले पाहिजे.

गाडीला १५ वर्षे झाली म्हणजे ती भंगारात दिलीच पाहिजे, असा धाक दाखवून गाड्या मातीमोल घेणारे दलाल फिरतात. हे खोटे आहे. दिल्ली परिसरासाठी न्यायालयांच्या आदेशांतून आलेली वयाची अट महाराष्ट्राला लागू नाही. येथे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढविता येते. शुल्क मात्र वाढले आहे. कारसाठी ते एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि २० वर्षांवरील कारसाठी २०२५ मध्ये १०,००० झाले. हिशेब करून मगच ठरवा.

गाडी खरोखरच संपली असेल तर ती नुसती उचलून देऊ नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५५ व्या कलमाप्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची असते. नव्या नियमांप्रमाणे आयुर्मान संपलेली गाडी १८० दिवसांत संकलन केंद्रात किंवा मोडणी केंद्रात जमा करायची आहे. शेतीचा ट्रॅक्टर, ट्रॉली, हार्वेस्टर आणि पॉवर टिलर यांना २०२५ चे हे नियम लागू नाहीत. आपल्या नावावरची गाडी कापली गेली, पण तिचा नंबर किंवा चेसिस दुसऱ्या चोरीच्या गाडीवर चढला, तर पोलीस दार ठोठावतील ते आपलेच. म्हणून प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय आरसी बुक देऊ नये.

पार्ट विकणाऱ्याने एक वही ठेवावी. गाडी कोणाकडून घेतली, नंबर, चेसिस नंबर, ओळखपत्राची प्रत, तारीख, रक्कम. विकताना पावती द्यावी. ही वही म्हणजे त्याची ढाल आहे. ज्याला लिहिता येऊ नये म्हणून हजारो वर्षे बंदी घातली, त्याच्या हातात आज लेखणी आहे. ती धंद्यात वापरायची नाही तर कधी?

आणि एक नैतिक बंधन. इंजिन, दरवाजा, काच, रेडिएटर जुना विकावा. पण ब्रेक आणि स्टिअरिंगचे झिजलेले भाग, सीट बेल्ट आणि एअर बॅग पुन्हा विकू नयेत. सातपुड्याच्या उतारावर आदिवासी मजुरांनी भरलेल्या गाडीचा ब्रेक निकामी झाला तर चार रुपयांचा नफा कोणाच्या जिवावर झाला, याचे उत्तर द्यावे लागेल. बुद्धाने सम्यक आजीविका सांगितली आहे. दुसऱ्याच्या मरणावर उभी असलेली कमाई सम्यक होऊ शकत नाही.

शेवटी

रस्त्यावर आज धावणारी प्रत्येक गाडी उद्या मरणार आहे. जितक्या नवीन गाड्या खपतील तितका हा मोडीचा बाजार पुढच्या वीस वर्षांत वाढणार आहे. त्या बाजारात आमचा माणूस कोठे असेल, हे आज ठरते आहे. कायदा झाला, केंद्रे उभी राहत आहेत, परवाने वाटले जात आहेत. आपण नेहमीप्रमाणे उशिरा जागे झालो तर आमच्या तरुणाला त्या केंद्रात नोकरी मिळेल, ती पत्रा वाहण्याची. मालक म्हणून पाटी दुसऱ्याची असेल.

मेलेल्या ढोराचे ओझे आमच्या बापजाद्यांनी बाबासाहेबांच्या शब्दाखातर खांद्यावरून खाली फेकले. ते ओझे पुन्हा उचलायचे नाही. मात्र ज्या लोखंडाला आमचे हात लागले आहेत, त्याच्या वजनकाट्यावर बसण्याचा हक्कही आता दुसऱ्याला द्यायचा नाही. संग्रामपूर, शेगाव, खामगाव, अकोला येथील मेकॅनिक, कबाडी, गॅरेजवाले आणि बेकार तरुणांनी जात-धर्म बाजूला ठेवून एकत्र बसावे, दहा जणांची संस्था नोंदवावी आणि संकलन केंद्राचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावा. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागावे. लढाईची सुरुवात एवढ्या एका कागदाने होऊ शकते.

जयभीम!